उरले ते कोणी खावे?



स्वयंपाकघराविषयी उपदेश करणारी दोन माणसे आपल्याला नेहमी भेटतात. एक म्हणतो, सकस खा. दुसरा म्हणतो, अन्न वाया घालवू नका. पहिला बहुधा डॉक्टर असतो आणि दुसरे घरातील कोणी वडीलधारे माणूस. दोघांचेही म्हणणे खरे, आणि दोघेही आपल्या हिताचेच सांगतात. परंतु घरात एक जागा अशी आहे की जेथे या दोन उपदेशांची गाठ पडते आणि त्यांचे आपसात पटत नाही. ती जागा म्हणजे रात्रीची जेवणे आटोपल्यावर ओट्यावर राहिलेले पातेले. त्याच्या तळाशी जे उरते ते टाकावे तर अन्नाचा अपमान होतो, ठेवावे तर नासण्याची भीती असते, आणि खावे म्हटले तर ते कोणी खावे, हा प्रश्न उभा राहतो. आज मी याच लहानशा प्रश्नाचा विचार आपल्यापुढे मांडणार आहे. प्रश्न लहान दिसतो खरा. पण घराघरांतील आरोग्य आणि काटकसर या दोहोंचा हिशेब त्याच्याशी बांधलेला आहे.

मी राहते ते भैरवगढ उज्जैन शहराच्या उत्तरेस, क्षिप्रेच्या काठी आहे. यात्रेकरूंना ते कालभैरवाच्या मंदिरामुळे ठाऊक आहे आणि कापडाच्या व्यापाऱ्यांना ते येथील ठशांच्या छपाईमुळे परिचित आहे. शिंद्यांची राजधानी १८१० साली उज्जैनहून ग्वाल्हेरला गेली, तरी त्यांच्या काळात दक्षिणेतून आलेली कित्येक मराठी घराणी या भागातच राहिली. पुढे नोकरीधंद्यानिमित्त आलेली कुटुंबे त्यांत मिसळली. आमची स्वयंपाकघरेही अशीच मिसळलेली आहेत. सकाळी पोहे, एरवी वरण-भात आणि पोळी-भाजी, अन् सुटीच्या दिवशी दाल-बाफले. मालव्याची काळी जमीन आणि तिचा गहू यांची ख्याती मोठी. पावलोपावली भाकर आणि पाणी मिळणारा मुलूख असे या प्रांताचे वर्णन लोक पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. अशा सुकाळाच्या मुलखात अन्नाच्या नासाडीवर बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्याची चणचण असते त्याचा हिशेब माणूस आपोआप ठेवतो; जे मुबलक असते त्याचा हिशेब मात्र मुद्दाम ठेवावा लागतो.

मी शाळेत शिकवते. एकदा मी वर्गातील मुलामुलींना एक गृहपाठ दिला होता. वहीच्या पानावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात आज घरी काय शिजले ते लिहायचे, दुसऱ्यात काय उरले ते, आणि तिसऱ्यात त्या उरलेल्याचे काय झाले ते. सात दिवसांची नोंद करून पुढल्या सोमवारी वही दाखवायची. टक्केवारी शिकवण्यासाठी म्हणून मी हा अभ्यास योजला होता. वह्या तपासताना माझे लक्ष टक्केवारीवरून उडाले आणि तिसऱ्या रकान्यावर खिळले. काही ठिकाणी ‘गाईला घातले’ असे होते, काही ठिकाणी ‘कचऱ्यात टाकले’ असे होते. पण वहीमागून वहीत, निरनिराळ्या अक्षरांत आणि निरनिराळ्या शुद्धलेखनात, एकच उत्तर येत राहिले: ‘आईने खाल्ले.’ मुलांना त्यात काही विशेष वाटले नव्हते. पाऊस पडला, दिवा लागला, तसे आईने खाल्ले.

आता या दोन शब्दांचा अर्थ थोडा उलगडून पाहू. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण विभागाने २०२४ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. त्याच्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातील सुमारे साठ टक्के हॉटेलांतून किंवा दुकानांतून नव्हे, तर घराघरांतून गेले. जगाची सरासरी माणशी वर्षाला ७९ किलो धरली आहे, तर भारतातील घरांसाठी माणशी सुमारे ५५ किलो. साली, बिया, हाडे असा न खाण्याजोगा भागही या मोजणीत आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीसुद्धा ५५ किलो म्हणजे दिवसाला माणशी दीडशे ग्रॅम होतात. पाच माणसांच्या घरातून रोज पाऊण किलो. आपण जगाच्या सरासरीहून कमी टाकतो ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु कचऱ्याचे डबे मोजणाऱ्यांना तिसऱ्या रकान्यातील ‘आईने खाल्ले’ दिसत नाही. ते अन्न कचऱ्यात गेले नाही म्हणून वाचले, असे धरले जाते.

ते खरोखर वाचले काय? दुसरी एक मोजणी पाहा. आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात पाचवी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तिच्यात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. एकाच छपराखाली राहणाऱ्या, एकाच चुलीवरचे खाणाऱ्या माणसांत एवढे अंतर का पडावे? याला अनेक कारणे आहेत. मासिक पाळी आहे, बाळंतपणे आहेत, जंत आहेत. शिळ्या भातामुळे रक्त कमी होते असे मी मुळीच म्हणत नाही. पण जी शेवटी जेवते तिच्या पानात काय येते, ते आठवून पाहा. भाजी बहुधा संपलेली असते. वरणाचा वरचा दाट भाग वाढून झालेला असतो. दही मुलांनी संपवलेले असते. उरतो तो भात आणि उरते ती पोळी, कारण याच गोष्टी आपण अंदाजाने जास्त करून ठेवतो. लोह, प्रथिने, ताज्या भाजीतली जीवनसत्त्वे यांची ज्या बाईला सर्वांत अधिक गरज, तिच्या वाट्याला पोट भरणारे परंतु रक्त न वाढवणारे अन्न येते. अन्न वाया गेले नाही या समाधानात आपण झोपी जातो आणि घरातील एका माणसाची प्रकृती रोज थोडी थोडी वाया जात असते.

म्हणून माझे सांगणे असे आहे की, काटकसर ही जेवणानंतर करावयाची गोष्ट नाही; ती स्वयंपाकाला हात लावण्यापूर्वी करावयाची आहे. पातेल्याच्या तळाशी करावी लागणारी काटकसर नेहमी कोणाच्या तरी पोटावर पडते. डब्याच्या तोंडाशी केलेली काटकसर कोणाच्याच पोटावर पडत नाही.

तर पहिली गोष्ट माप. आमच्या वस्तीतले छपाईचे कारागीर पाहण्यासारखे असतात. ठसा उचलण्यापूर्वी ते कापडाची लांबी-रुंदी पाहतात, एका ओळीत किती ठसे बसतील याचा अंदाज बांधतात, आणि मगच पहिला ठसा उमटतो. बाटिकच्या कामात कापडावर लावलेले मेणदेखील गरम पाण्यात सोडवून परत मिळवतात आणि पुन्हा वापरतात. ज्याचे पोट मालावर अवलंबून असते तो माल असा मापून वापरतो. स्वयंपाकघरात मात्र ‘हाताचा अंदाज’ म्हणून एक गोष्ट आपण मानतो आणि तिचा अभिमान बाळगतो. तो अंदाज ज्या काळी बसला त्या काळी घरात दहा माणसे होती. आता चार आहेत. त्यांतील एक डबा घेऊन कामावर जातो आणि एकाला रात्री भात चालत नाही. माणसे कमी झाली, सवयी बदलल्या, पण हाताला ती बातमी पोहोचलेली नाही.

मापाचे एक चांगले उदाहरण आपल्या शाळांतच आहे. सरकारी व अनुदानित शाळांत मुलांना दुपारचे जेवण मिळते. या योजनेला २०२१ पासून ‘पीएम पोषण’ असे नाव आहे. तिच्या नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरतात. सहावी ते आठवीसाठी हेच प्रमाण १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल असे आहे. हे सर्व माप कच्च्या जिनसांचे आहे. घरासाठी हे जसेच्या तसे घ्यावे असे नाही. शेतात राबणाऱ्याला अधिक लागेल, वृद्ध माणसाला कमी. पण हिशेबाला कोठून तरी आरंभ करावयाचा तर हा आरंभ चांगला आहे. एखाद्या रविवारी वाण्याकडून किंवा शेजाऱ्यांकडून तराजू मागून आणावा. आपल्या घरातली रोजची वाटी तांदळाने भरून तोलावी, पिठाने भरून तोलावी, डाळीने भरून तोलावी आणि तो आकडा डब्याच्या झाकणावर कागद चिकटवून लिहून ठेवावा. पुन्हा तराजूची गरज नाही. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ या १९७० साली निघालेल्या पुस्तकाने घराघरांत जागा मिळवली, तिचे एक कारण हेच की त्यांनी वाटी आणि चमचा ही घरातलीच मापे वापरली. माप सोपे असले म्हणजेच ते पाळले जाते.

त्याबरोबर दुसरी एक सवय लावावी. सकाळी घराबाहेर पडताना प्रत्येकाने सांगावे की रात्री मी जेवायला आहे की नाही. पोस्टात, बँकेत, शाळेत गैरहजेरीचा अर्ज द्यावा लागतो. घरच्या जेवणाला मात्र न कळवता गैरहजर राहण्याचा हक्क आपण सर्वांनी, विशेषतः पुरुषमंडळींनी, गृहीत धरलेला आहे. त्या एका न सांगितलेल्या वाक्याच्या चार पोळ्या होतात, आणि त्या दुसऱ्या दिवशी कोणाच्या पानात जातात, हे आपण पाहिलेच.

आता ताटाकडे वळू. कुन्नूर येथे १९१८ साली आहारशास्त्राच्या संशोधनाचे जे लहानसे काम सुरू झाले, ते १९५८ साली हैदराबादला आले आणि आज तीच संस्था राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. तिने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांचा सारांश गृहिणीच्या भाषेत सांगायचा तर असा: ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि फळे यांनी भरावा, दिवसाकाठी मोठ्या माणसाच्या पोटात सुमारे पाचशे ग्रॅम भाज्या-फळे जावीत, धान्यातून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांहून अधिक नसावी, आणि मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत असावे. पाच ग्रॅम म्हणजे लहान चमचाभर. त्यात लोणचे, पापड, चटणी, फरसाण सर्व आले.

आपल्या घरी ताट कसे भरते? डावीकडे चटणी-कोशिंबिरीचा ठिपका, उजवीकडे पळीभर भाजी आणि मध्ये भाताचा डोंगर. म्हणजे शास्त्राच्या नेमके उलट. आणि गंमत अशी की ज्या पदार्थाचा डोंगर होतो तोच रोज उरतो. जे कमी खावे ते आपण जास्त शिजवतो आणि जे जास्त खावे ते कमी करतो. मग कमी पडलेली भाजी पहिल्या पंगतीतच संपते आणि जास्त झालेला भात शेवटच्या माणसासाठी राहतो. तेव्हा भात-पोळीचे माप थोडे उतरवून भाजी, डाळ आणि उसळ यांचे माप चढवले, तर एकाच बदलाने दोन कामे होतात. ताट सुधारते आणि उरणेही कमी होते. सुरुवातीला डाळ-भाजीचा खर्च वाढल्यासारखा वाटेल. त्याच्यासमोर टाकलेल्या पोळ्यांचा आणि औषधाच्या बाटल्यांचा खर्च मांडून पाहावा.

पुष्कळदा चांगली भाजी आपण चिरतानाच टाकून देतो. मुळ्याचा पाला, फ्लॉवरची कोवळी पाने, बीटाची पाने, कोथिंबिरीचे देठ या सर्व खाण्याच्या वस्तू आहेत. मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून केलेली भाजी आपल्या आज्यांना ठाऊक होती. ती कमीपणाची आहे असे मध्येच कोणी ठरवले कोणास ठाऊक. भाजी आधी धुवावी आणि मग चिरावी. चिरून पाण्यात बुडवून ठेवली तर तिच्यातील काही जीवनसत्त्वे पाण्याबरोबर जातात. पालेभाजी आणि डाळी यांतील लोह अंगी लागावे म्हणून सोबत लिंबू, आवळा, पेरू असे काही आंबट किंवा ताजे फळ असावे. आणि जेवणाबरोबर किंवा जेवण होताच चहा घेऊ नये; चहामुळे लोह अंगी लागण्यात अडथळा येतो. ज्या भगिनी सकाळी ‘चहा-पोळी’ हाच नाश्ता मानतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. कढईभर मटकीला आलेले मोड, वर पिळलेले लिंबू आणि तासाभराने चहा, एवढ्याने बरेच साधते.

तिसरी गोष्ट साठवण. मालव्यात उन्हाळ्याच्या तोंडाशी वर्षाचा गहू घरात भरण्याची चाल आहे. चाल चांगली आहे. पण जो गहू चैत्र-वैशाखात भरला त्याला श्रावणात किडा लागला तर वर्षाची बेगमी वाया जाते. धान्य कडक उन्हात वाळवावे, दाताखाली दाणा कटकन मोडला की वाळले असे समजावे, गार झाल्यावरच कोरड्या कोठीत भरावे आणि कोठी भिंतीला व जमिनीला चिकटून ठेवू नये. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावण्याची जुनी पद्धत अजूनही उपयोगी आहे. काही घरांत तांदळाला बोरिक पावडर लावतात; ती सवय मात्र सोडून द्यावी, कारण ती पोटात जाण्याची वस्तू नव्हे. बटाटे उजेडात ठेवू नयेत; ते हिरवे पडतात आणि कडवट होतात, व तसा हिरवा भाग खाऊ नये. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नयेत. नवा डबा मागे आणि जुना पुढे, हा नियम दुकानदार पाळतो, आपणही पाळावा.

फ्रीज हे यंत्र तर अन्न टिकवण्यासाठी आले, पण कित्येक घरांत ते अन्न विसरण्याचे कपाट झाले आहे. एका वाटीवर दुसरी वाटी, तिच्यामागे तिसरी, आणि सर्वांत मागे गेल्या आठवड्यातली आमटी. यावर उपाय साधा आहे. फ्रीजचा एक कप्पा ‘आधी संपवा’ म्हणून राखून ठेवावा. उरलेले जे काही असेल ते त्याच कप्प्यात जाईल, आणि दुसऱ्या दिवशीचा बेत त्या कप्प्याकडे पाहूनच ठरेल. रविवारी आधी फ्रीज पाहावा आणि मग पिशवी घेऊन बाजारात जावे. ज्या दिवशी पिशवी आधी निघते त्या दिवशी घरात दुसरी कोथिंबीर येते.

एवढे करूनही काही ना काही उरणारच. आपण माणसे आहोत. पाहुणे येतात, मुले भूक नाही म्हणतात, कोणाची गाडी चुकते. उरलेल्या अन्नासंबंधी तीन नियम पुरेसे आहेत. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक वेळ उघड्यावर राहू देऊ नये, आणि आमच्याकडील वैशाखात पारा चाळिसाच्या वर चढतो त्या दिवसांत तर एवढाही वेळ देऊ नये. ठेवलेले अन्न एकदाच गरम करावे आणि तेही चांगली वाफ येईपर्यंत. जेवढे खायचे तेवढेच बाहेर काढावे. आणि तिसरा नियम भातासंबंधी. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर त्यात असे काही जंतू वाढतात की त्यांनी सोडलेले विष पुन्हा उकळूनही नाहीसे होत नाही. म्हणून सकाळी फोडणी घातली की झाले, ही समजूत बरोबर नाही. फोडणीचा भात करावयाचा असेल तर रात्रीच भात पसरट भांड्यात लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवावा. फ्रीज नसेल, तर भात मोजूनच लावावा हे उत्तम.

उरलेल्याचे तळून काही करण्याचा मोहही आवरावा. शिळ्या पोळीचा चिवडा आणि भाताची भजी ही चवीला खरी. पण दोन रुपयांची पोळी वाचवण्यासाठी दहा रुपयांचे तेल पोटात घालणे ही काटकसर नव्हे आणि आरोग्य तर नव्हेच. त्यापेक्षा वरणात पोळीचे तुकडे शिजवावे, भात-भाजी थालिपिठाच्या पिठात मळावी, आणि भरपूर कांदा-कोथिंबीर घालावी. आणि जे खरोखर आंबले, बुरसले, ज्याला वास आला, ते निःशंक मनाने टाकावे. खराब अन्न पोटात घालण्याने अन्नाचा मान राखला जात नाही. पोट म्हणजे काही कचऱ्याची पेटी नव्हे.

कचऱ्याच्या पेटीवरून आठवले. आमच्या शेजारच्या इंदूर शहरात देवगुराडिया येथे १९ फेब्रुवारी २०२२ रोजी ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करण्याचा मोठा कारखाना सुरू झाला. रोज ५५० टन कचरा पचवण्याची त्याची ताकद आहे. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. परंतु त्यामुळे काही लोक म्हणू लागले आहेत की, टाकलेल्या अन्नाचा वायू होतो, मग बिघडले कोठे? बिघडले ते असे की, शेतकऱ्याने जो गहू पिकवला, त्याला पाणी पाजले, कापला, मळला, आणि आपण दळून, भाजून पोळी केली, ती काही वायू करण्यासाठी नव्हती. केळीच्या सालीचा वायू व्हावा. केळ्याचा होऊ नये.

आपल्या देशाने अन्नाच्या टंचाईचे दिवस पाहिले आहेत. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी देशाला आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, आणि असंख्य घरांत सोमवारी रात्री चूल पेटली नाही. त्या आवाहनातील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या रात्री घरातले सगळेच उपाशी राहत होते. धनी जेवला आणि धनीण राहिली, असा तो प्रकार नव्हता. त्याग सर्वांनी मिळून वाटून घेतला म्हणूनच तो सहज झाला.

सर्व धर्मांनी अन्नाचा आदर शिकवला आहे. अन्नाला पूर्णब्रह्म मानणारी परंपरा आपल्या बहुतेकांच्या घरी आहे. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या शुभवर्तमानात पाच भाकरींनी पाच हजारांना जेवू घातल्याची कथा आहे. त्या कथेतील चमत्काराकडे सर्वांचे लक्ष जाते. पण सर्वजण तृप्त झाल्यावर उरलेले तुकडे गोळा करण्यास सांगितले आणि त्यांच्या बारा टोपल्या भरल्या, हा भाग मला शिक्षिका म्हणून अधिक शिकवून जातो. तेथे क्रम पाहण्यासारखा आहे. आधी सर्वजण जेवले, सर्वांची तृप्ती झाली, आणि मग तुकडे वेचले गेले. त्या गर्दीतील कोणा एकीला बाजूला बसवून ‘तू तुकड्यांवर भागव’ असे कोणी म्हटले नाही.

तेव्हा चौथी आणि शेवटची गोष्ट सांगते, आणि ती सांगण्यासाठीच मी मापाची व डब्यांची एवढी चर्चा केली. घरातील सर्वांनी दिवसातून निदान एकदा एका वेळी पानावर बसावे. भांडी मध्ये ठेवावी आणि प्रत्येकाने आपले आपण वाढून घ्यावे. जिने स्वयंपाक केला तिचे पान इतरांच्या पानांबरोबरच वाढले जावे, आणि त्यात डाळ, भाजी, दही, फळ हे सर्व इतरांइतकेच पडावे. असे केले म्हणजे भाजी कमी पडली तर ती सर्वांनाच थोडी कमी पडते, आणि दुसऱ्या दिवशी तिचे माप वाढवण्याची आठवण सर्वांनाच राहते. आज जी कमतरता एकटीला कळते, ती घराला कळू लागेल. मला वाटते, पुष्कळ सुधारणा एवढ्यानेच होतील; कारण जी गोष्ट घरातल्या कर्त्या माणसाच्या पानात जाणवते, तिच्यावर उपाय निघायला फार दिवस लागत नाहीत.

काही वृद्ध भगिनी म्हणतील, आमचा जन्म असाच गेला, आम्हाला त्यात आनंद होता. त्यांच्या आनंदाविषयी मला आदर आहे. मुलाला शेवटचा घास भरवण्यात आईला जे सुख असते ते हिशेबात मांडता येत नाही. पण माया निराळी आणि रोजची व्यवस्था निराळी. माया आईने आपल्या मर्जीने करावी. व्यवस्थेने ती तिच्यावर लादू नये. आणि हेही ध्यानात असावे की शेजारी बसलेली मुलगी सर्व पाहत असते. आई शेवटी जेवते, उरलेले खाते, ही गोष्ट तिला कोणी शिकवावी लागत नाही. ती पाहून शिकते, आणि पंधरा वर्षांनी दुसऱ्या एका घरात, दुसऱ्या एका ओट्यापाशी, तोच धडा न चुकता म्हणून दाखवते. मुलगाही पाहत असतो. आणि तोही आपला धडा शिकतो.

मग उरले ते कोणी खावे? माझे उत्तर असे की, आधी मोजून शिजवावे म्हणजे फारसे उरणार नाही. जे चांगले उरेल ते झाकून, गार करून, वेळेवर ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांच्या पानात थोडे थोडे वाढावे. आजोबांच्या, बाबांच्या, मुलांच्या आणि आईच्याही. एका माणसाला वाटीभर शिळा भात म्हणजे शिक्षा होते. पाच जणांत वाटला तर तो दोन-दोन घासांचा प्रश्न उरतो. येत्या आठवड्यात आपल्या घरी एक वही करावी, तिच्यात तीन रकाने आखावे आणि सात दिवस प्रामाणिकपणे भरावे, एवढी माझी आपणाला विनंती आहे. तिसऱ्या रकान्यात ‘सर्वांनी मिळून खाल्ले’ असे ज्या दिवशी लिहिता येईल, त्या दिवशी डॉक्टर आणि वडीलधारे, दोघांचेही म्हणणे आपण पाळले असे समजावे.